नर्सिंगला प्रवेश ते पहिली नोकरी: कॉलेज नको, कॉलेजचं हॉस्पिटल बघा

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर नर्सिंग कॉलेजांचे फ्लेक्स लागतात. शंभर टक्के नोकरी, परदेशात संधी, हॉस्टेलची सोय. फ्लेक्सवर पांढऱ्या कोटातली हसरी मुलगी असते, पण पेशंट कुठेच दिसत नाही. नर्सिंग तर पेशंटच्या कॉटजवळ शिकायचं असतं. त्यामुळे कोर्स, कॉलेज, शेवटच्या वर्षाची पोस्टिंग आणि पहिली नोकरी ठरवताना एकच प्रश्न सारखा विचारत राहा: इथे माझ्या हाताखालून किती आणि कसले पेशंट जातील?

पायरी १: कोर्स ठरवा

महाराष्ट्रात मुख्य वाटा तीन. एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका) दोन वर्षांचा आणि मुलींसाठीच. या कोर्सनंतर मुख्यतः उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविकेचं काम मिळतं. लसीकरण, गरोदर मातांची नोंदणी, घरभेटी. जीएनएम (सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिशास्त्र) तीन वर्षांचा. बारावी कुठल्याही शाखेतून चालते, पण इंग्रजी हवं आणि किमान ४० टक्के हवेत. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के. जीएनएम आणि बीएस्सीला मुलांनाही प्रवेश आहे. वॉर्डात तुम्हाला ‘ब्रदर’ म्हणतील, त्याची सवय होते.

माझं मत स्पष्ट आहे. बारावी सायन्स असेल आणि घरची ओढाताण फार नसेल, तर सरळ बीएस्सी करा. केंद्र सरकारच्या मोठ्या भरत्यांत आणि परदेशात पदवीचा उपयोग होतो. जीएनएम केलं तर वाट बंद होत नाही; पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. पण नोकरी, नाइट ड्युटी आणि घर सांभाळत ती दोन वर्षं काढणाऱ्या मुलींना विचारून बघा, त्या काय सांगतात ते.

एक वाट अनेकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे लष्करी परिचर्या सेवा. पुण्याच्या एएफएमसीसह (सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय) सशस्त्र दलांच्या नर्सिंग कॉलेजांत अविवाहित मुलींना चार वर्षांच्या बीएस्सीला प्रवेश मिळतो. त्यासाठी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि पुढे सेवेचा करारही असतो, पण शिक्षण संपताच अधिकारी म्हणून नेमणूक होते. बारावीतच हे माहीत असेल तर नीटचा फॉर्म भरला जातो, नाही तर वर्ष जातं.

पायरी २: कागद आधी, सीईटी नंतर

प्रवेश राज्य सामायिक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाच्या परीक्षेतून आणि केंद्रीभूत फेऱ्यांतून होतात. नियम आणि तारखा दरवर्षी थोड्या हलतात, म्हणून शेजारच्या ताईने दोन वर्षांपूर्वी काय केलं यावर जाऊ नका, त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचा.

परीक्षेपेक्षा जास्त मुलं अडतात ती कागदांवर. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीत असतानाच, कॉलेजमार्फत टाका. नॉन-क्रिमी लेयर, उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल यांची तारीख त्या वर्षासाठी चालते का ते बघून ठेवा. आधार, दहावीची मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आताच तपासा. आज एका अक्षराचा फरक दुरुस्त करणं त्या मानाने सोपं असतं. तोच फरक पुढे रजिस्ट्रेशनमध्ये आणि पासपोर्टमध्ये शिरला की महिने खातो.

फीचं गणित प्रवेशाआधी कागदावर मांडा. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ठरवलेला आकडा पाहा आणि कॉलेज सांगतंय तो आकडा त्याच्याशी ताडून घ्या. शिष्यवृत्तीचे अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे, पण प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. तुमचा कोर्स त्या यादीत आहे याची खात्री करा आणि मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेताना ही सवलत गृहीत धरू नका. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, पोस्टिंगला जायची बस हे सगळं वेगळं. ‘इतर शुल्क’ या ओळीखाली काय काय येतं ते लेखी मागा.

पायरी ३: कॉलेज बघायला जाल तेव्हा

स्मार्ट बोर्ड आणि एसी लायब्ररी दाखवतील, बघून घ्या. मग विचारा, तुमचं स्वतःचं हॉस्पिटल कुठे आहे? बीएस्सी कॉलेजकडे १०० खाटांचं पालक रुग्णालय असावं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असावेत, असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे. कागदावर सगळ्यांकडे तो पूर्ण असतो. म्हणून सकाळी अकराच्या सुमाराला त्या हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात एक चक्कर टाका. किती कॉट भरल्यात? विद्यार्थिनी पेशंटजवळ आहेत की ट्रॉलीभोवती घोळका करून उभ्या आहेत? लेबर रूममध्ये महिन्याला किती डिलिव्हरी होतात? सिव्हिल हॉस्पिटल किंवा सरकारी मेडिकल कॉलेजला जोडलेल्या संस्थेची इमारत गळकी असेल, पण तिथली मुलगी तिसऱ्या वर्षापर्यंत जेवढं बघते, तेवढं चकचकीत कॉलेजात चार वर्षांत दिसेलच असं नाही.

तीन गोष्टी कागदावर हव्यात. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता; बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि एएनएम-जीएनएम असेल तर महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची; आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव. हे सगळं तुमच्या प्रवेशाच्या वर्षासाठी चालू हवं. ‘मान्यता प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर मिळालं तर नमस्कार करून बाहेर या. शेजारच्या राज्यातल्या कॉलेजात ‘यायची गरज नाही, परीक्षेला या’ असं सांगणारे एजंट भेटतील. त्यांच्याशी बोलण्यातही वेळ घालवू नका.

पायरी ४: पहिलं वर्ष

२०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमापासून बीएस्सी सेमिस्टर पद्धतीने चालतं, एकूण आठ सेमिस्टर. पहिल्यात अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि नर्सिंग फाउंडेशन एकदम अंगावर येतं. थिअरी आणि प्रॅक्टिकल, दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के लागतात. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी हवी, आणि पदवी हातात पडण्याआधी क्लिनिकलची हजेरी पूर्ण १०० टक्के भरून द्यावी लागते. म्हणजे दिवाळीला चार दिवस जास्त राहिलात तर ते चार दिवस पुढे वॉर्डात फेडायचे आहेत.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले काही महिने जड जातात. त्यावर उपाय एकच, रोजचा. ज्या शब्दावर अडलात तो वहीत लिहा आणि समोर मराठी अर्थ लिहा. पण उत्तराचा सराव इंग्रजीतच करा, कारण पेपरही इंग्रजीत आणि केस पेपरही इंग्रजीत. अॅनाटॉमी पाठ करताना आकृती काढून, नावं घालून पाठ करा. नुसतं वाचून ती डोक्यात बसत नाही.

पायरी ५: वॉर्डात उतरल्यावर

इथे थोडं थांबू, कारण खरं शिक्षण इथेच होतं. सकाळी इन्चार्ज सिस्टरना ‘गुड मॉर्निंग सिस्टर’ म्हणा, ओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला) देताना त्यांच्या मागे उभे राहा आणि ऐका. रात्री कोणाला ताप आला, कोणाची लघवी कमी झाली, कोणाचं सकाळचं इंजेक्शन राहिलं, हे सगळं त्या दहा मिनिटांत कळतं. वॉर्डातल्या मावशींशी आणि मामांशी, म्हणजे मदतनीस कर्मचाऱ्यांशी, नीट वागा. पेशंटला कूस बदलायची हातोटी मावशी दाखवतील तशी पुस्तकात सापडणार नाही.

प्रोसिजर करण्याआधी पेशंटशी बोला. ‘आजी, हातावर सुई लावायचीय, थोडं दुखेल, हात सैल सोडा’ एवढं म्हटलं तरी शीर सापडायला मदत होते. थंड, आवळलेल्या हाताची शीर दबते. गार हात असेल तर आधी कोमट करा, हात खाली सोडायला सांगा, मगच टुर्निके (दंडावर आवळायचा पट्टा) बांधा. दोनदा नाही जमलं तर तिसऱ्यांदा टोचू नका, सिनिअरना बोलवा.

हिशेब मात्र तोंडपाठ हवेत. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं आहे. सेटच्या पाकिटावर बघा, एका मिलीला किती थेंब लिहिलेत ते. समजा २०. मग ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१. घड्याळाकडे बघत १५ सेकंदांत पाच थेंब पडतायत का ते मोजा आणि त्याप्रमाणे क्लॅम्प कमी-जास्त करा. मायक्रो सेटला एका मिलीचे ६० थेंब असतात, हे विसरून लावलेलं सलाईन ठरल्या वेळेत संपत नाही आणि मग सगळ्यांना प्रश्न पडतो.

इन्सुलिनची गोष्ट जास्त गंभीर. आपल्याकडे ४० युनिट आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन्ही ताकदीचं इन्सुलिन मिळतं. लाल टोपणाची सिरिंज ४०ची, केशरी टोपणाची १००ची. १००च्या व्हायलमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर पेशंटच्या अंगात २० नाही, ५० युनिट जातात. साखर धाडकन खाली येते. व्हायल वाचा, सिरिंज वाचा, दुसऱ्या सिस्टरला दाखवा, मग द्या. पोटॅशियम क्लोराइडचं अँप्यूल कधीही थेट शिरेत द्यायचं नसतं, हे पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

सुईची टोपी परत लावू नका. सुई थेट पांढऱ्या, टोचून फुटणार नाही अशा डब्यात. सलाईनचे सेट आणि कॅथेटर लाल पिशवीत, रक्ताने भिजलेला कापूस पिवळीत, काच निळ्या डब्यात. तरीही सुई टोचलीच तर जखम पिळू नका, बोट तोंडात घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हायला हवीत. ‘मॅडम रागावतील’ म्हणून लपवण्यात तोटा फक्त तुमचा. हिपॅटायटिस बीचे तीन डोस, ०, १ आणि ६ महिने, पोस्टिंग सुरू होण्याआधी चालू करा आणि कार्ड जपून ठेवा. नोकरीच्या वेळी कार्ड मागतात.

लॉगबुक आणि केस बुक त्याच दिवशी भरा. लेबर रूममधल्या केसेस लॉगबुकात भरल्या नाहीत, तर शेवटच्या सेमिस्टरला सही घ्यायला पळापळ होते, आणि सही देणाऱ्या सिस्टरची तोपर्यंत बदली झालेली असते. मैत्रिणीच्या वहीतून उतरवलेला केअर प्लॅन व्हायव्हाला पहिल्या दोन प्रश्नांत उघडा पडतो.

रडू येईल. पहिला मृत्यू बघाल त्या दिवशी, किंवा नातेवाईक उगाच अंगावर येतील तेव्हा. लिनन रूममध्ये पाच मिनिटं रडून परत आलेली मुलगी कमकुवत नसते. मात्र महिनाभर झोप लागत नसेल, वॉर्डात जायच्या विचाराने पोट दुखत असेल, तर ट्यूटर मॅडमशी किंवा मानसोपचार ओपीडीत बोला. हॉस्पिटलातच आहात, तेवढा फायदा घ्या.

पायरी ६: शेवटचं वर्ष, नोंदणी आणि फाइल

इंटर्नशिपमध्ये आयसीयू, कॅज्युअल्टी, ओटी, लेबर रूम यांपैकी कशात मन लागतं ते ओळखा. मागून, हट्ट करून तिथल्या ड्युट्या घ्या. व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप, डिफिब्रिलेटर यांना हात लावून घ्या. मुलाखतीत ‘बघितलंय’ आणि ‘केलंय’ यांतला फरक मेट्रनना लगेच कळतो. बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे जीव वाचवण्याचे प्राथमिक उपाय) प्रमाणपत्र याच काळात काढा.

निकाल लागला की पहिलं काम महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी. ती होईपर्यंत तुम्ही कायद्याने नर्स नाही. बीएस्सी आणि जीएनएमवाल्यांची नोंदणी नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही होते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी सततच्या शिक्षणाचे तास लागतात, म्हणून कार्यशाळांची प्रमाणपत्रं फेकू नका. राष्ट्रीय पातळीवरच्या नोंदवहीतला एनयूआयडी, म्हणजे प्रत्येक नर्सचा स्वतंत्र ओळख क्रमांकही काढून घ्या. दुसऱ्या राज्यात नोकरी लागली तर तिथल्या परिषदेकडे नोंदणी न्यावी लागते.

एक प्लास्टिक फाइल करा. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, ट्रान्स्क्रिप्ट, नोंदणी, लसीकरण, बीएलएस. स्कॅन करून मोबाइलवर आणि मेलवर ठेवा.

पायरी ७: पहिली खासगी नोकरी

इथे मुली पगाराचा आकडा ऐकून भुलतात किंवा खचतात. दोन्ही नको. पहिली दोन वर्षं ही शिकण्याची आहेत, तेव्हा शक्यतो १०० खाटांहून मोठं, एनएबीएच (रुग्णालयांच्या दर्जाचं राष्ट्रीय) मानांकन असलेलं, नवीन नर्सना सिनिअरबरोबर जोडीने ड्युटी देणारं हॉस्पिटल निवडा. दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये घराजवळ, थोड्या जास्त पगारावर, एकटीला ओपीडी, ओटी आणि कॅश काउंटरही सांभाळायला लावतील. तो अनुभव पुढे कमी मोजला जातो. एम्सच्या परीक्षेला जीएनएमवाल्यांसाठी तर किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव ही अटच आहे.

मुलाखतीत हे पाच प्रश्न विचारायला लाजू नका: आयसीयूत एका नर्सकडे किती पेशंट? महिन्यात नाइट किती आणि नाइटनंतर ऑफ मिळतो का? ट्रेनिंगच्या काळात पूर्ण पगार की स्टायपेंड? पीएफ कापता का? राहायची सोय आहे का, आणि तिचे पैसे पगारातून जातात का?

२०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी शिफारस केली होती: २०० खाटांहून मोठ्या ठिकाणी पगार राज्य सरकारच्या नर्सइतका, आणि ५० खाटांहून लहान ठिकाणीही २०,००० पेक्षा कमी नाही. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हाला कुठल्याही सिनिअरकडून कळेल. पण हा आकडा माहीत असला की ‘फ्रेशरला एवढाच असतो’ हे ऐकून मान डोलवली जात नाही.

बाँडवर सही करण्याआधी शांतपणे वाचा आणि घरी एकाला वाचायला द्या. मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही ठेवू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. ‘सगळ्यांच्या ओरिजिनल आमच्याकडे असतात’ असं म्हणणारी जागा पुढे सोडताना त्रास देते. नोकरी सोडताना लेखी राजीनामा, नोटीस पीरियड आणि हातात अनुभव प्रमाणपत्र, त्यावर खाटांची संख्या आणि तुमचा विभाग लिहिलेला असेल असं बघा.

पायरी ८: सरकारी भरतीची तयारी नोकरी करता करता

राज्यात स्टाफ नर्सला अधिपरिचारिका म्हणतात. वैद्यकीय शिक्षण विभाग, सार्वजनिक आरोग्य विभाग, महापालिका आणि जिल्हा परिषदा यांच्या जाहिराती वेगवेगळ्या निघतात आणि कधी निघतील याचा नेम नसतो. राज्याच्या स्टाफ नर्सचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन आणि नर्सिंग येतं, तेव्हा मराठी व्याकरणाला ‘ते येतंच की’ म्हणू नका. तिथेच गुण जातात.

एम्सची नर्स भरतीची नॉरसेट परीक्षा पूर्व आणि मुख्य अशा दोन टप्प्यांत होते. मूळ वेतन ४४,९००. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. एम्समध्ये ८० टक्के जागा महिलांसाठी आणि २० टक्के पुरुषांसाठी असतात, म्हणून ब्रदरलोकांनी कट-ऑफ जास्त धरूनच तयारी करावी. नागपूरला एम्स आहे हे विदर्भातल्या मुलांना सांगायला नको, पण निवड देशात कुठेही होऊ शकते. लाखभर रुपये घेऊन ‘आतून लावतो’ म्हणणारा भेटला तर त्याचा फोन उचलू नका.

परदेशाचा विचार असेल तर आता फक्त दोन गोष्टी करा: दर्जेदार हॉस्पिटलात दोन वर्षं आणि भाषा. ब्रिटनला आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा लागते, जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायला बहुतेक ठिकाणी बी-२ पातळीपर्यंत जर्मन, आखातात कागदपत्रांची डेटाफ्लो पडताळणी आणि लायसन्सची परीक्षा. एजंट नोंदणीकृत आहे का हे केंद्र सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर बघितल्याशिवाय पासपोर्ट हातात देऊ नका.

पायरी ९: पहिले तीन महिने

खिशात चार गोष्टी: छोटी वही, दोन पेन, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, कात्री. ओव्हर घेताना पेशंटजवळ उभे राहून घ्या, टेबलाशी बसून नाही. सलाईनची बाटली, ड्रेन, कॅथेटरची पिशवी, मनगटावरची पट्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्या क्षणी काही वेगळं दिसलं तर तिथेच विचारा. आधीची सिस्टर घरी गेली की ती अडचण तुमची होते.

केलेलं काम केल्यावर लिहा, आधी नाही. नंतर द्यायच्या डोसवर आधीच टिक करून ठेवणाऱ्या सिनिअर भेटतील, तुम्ही तसं करू नका. रात्री दोन वाजता डॉक्टरांनी फोनवर ऑर्डर दिली तर औषधाचं नाव, डोस, मार्ग मोठ्याने वाचून दाखवा, ‘बरोबर ना डॉक्टर?’ विचारा, वेळेसह लिहा, आणि सकाळच्या राउंडला त्यावर सही घेतल्याशिवाय ड्युटी संपवू नका.